पंडिता रमाबाई व बाप्तिस्म्यानंतरची वाट

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एखाद्या बंधूची साक्ष ऐकावयास बसले, म्हणजे ती बहुधा बाप्तिस्म्याच्या दिवसापाशी येऊन थांबते. अमुक साली, अमुक पाळकांच्या हातून आपला बाप्तिस्मा झाला, जातीच्या लोकांनी विहीर बंद केली, भावांनी ताट वेगळे केले, तथापि देवाने सांभाळिले, एवढे सांगून बंधु खाली बसतात. ती साक्ष खरी असते आणि तिच्यापायी पुष्कळांनी मोठी किंमत भरलेली असते. परंतु त्या दिवसापासून आजवर जी दहा, वीस किंवा तीस वर्षे गेली, त्यांत आपण देवाच्या किती जवळ आलो, असा प्रश्न कोणी केला, तर आपल्यापैकी अनेकांची मान खाली जाते. धर्म बदलला, नाव बदलले, रविवारी उपासनेस जाणे सुरू झाले. पण अंतःकरण जेथे होते तेथेच राहिले, असे तर झाले नाही ना?

ह्या प्रश्नाचा विचार करिताना आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर ख्रिस्ती स्त्रीचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवणे हितावह होईल. पंडिता रमाबाईंचे नाव ज्याने ऐकले नाही असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळा. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठी त्यांनी केलेले कार्य व केडगावचे मुक्तिसदन ह्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु बाप्तिस्मा झाल्यावरही त्या सुमारे आठ वर्षे ज्या शोधात होत्या, त्या शोधाविषयी आपण फारसे बोलत नाही. आपल्यासारख्या साध्या विश्वासणाऱ्यांस त्यांच्या जीवनातील हाच भाग सर्वांत अधिक उपयोगी आहे, असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची रूढी असता, त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले आणि त्यासाठी लोकांचा रोष सोसला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी त्यांना वेताच्या पेटीत घालून एका मनुष्याने डोक्यावरून डोंगराखाली आणिले. पुढे वर्षानुवर्षे ह्या कुटुंबाला घर असे राहिले नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जावे, देवळाच्या आवारात पुराण सांगावे आणि लोक देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. आई पहाटे मुलीला उठवी व दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी श्लोक पाठ करून घेई. अशा रीतीने वयाच्या पंधरा वर्षांच्या आत पुराणांतील हजारो श्लोक त्यांच्या मुखी बसले.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात व यात्रेत संपून गेले होते. भीक मागण्याची लाज आणि मजुरी करण्याची सवय नाही, अशा स्थितीत काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही अन्नावाचून गेली. आईचे प्रेत नेण्यास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. त्यांच्यासह भाऊ श्रीनिवास व रमाबाई असे चौघेजण निघाले. रमाबाईंची उंची कमी पडली म्हणून आईचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर हे भाऊबहीण पायी हिंदुस्थानभर फिरले. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते, म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन, त्यांनी रात्री काढिल्या. सर्व व्रते केली, सर्व तीर्थे पाहिली. परंतु ज्या देवासाठी हे सर्व केले तो भेटला नाही, अशी खंत मनात घर करून राहिली.

इ. स. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या एका स्त्रीस एवढा मान मिळाल्याचे पाहून देशभर आश्चर्य झाले. परंतु मान मिळाल्याने दुःख टळत नाही. इ. स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता. आसामातील सिल्चर येथे त्यांनी संसार मांडिला आणि मनोरमा नावाची कन्या झाली. तेथेच घरातील पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत सापडली आणि ख्रिस्ताची पहिली ओळख झाली. पुढे दोन वर्षे झाली नाहीत तोच, इ. स. १८८२ मध्ये, पटकीच्या विकाराने पतीचे देहावसान झाले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या आणि मांडीवर दहा महिन्यांचे मूल राहिले.

त्या पुण्यास आल्या, स्त्रियांच्या उन्नतीसाठी आर्य महिला समाज स्थापिला, आणि इ. स. १८८३ मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने विलायतेस गेल्या. वाँटिज येथील सेंट मेरी मंडळाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला. बहिरेपणा वाढत चालल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडून द्यावा लागला. बरोबर आलेली सखी आनंदीबाई भगत हिचा तेथे अतिशय दुःखद अंत झाला. ह्याच सुमारास भगिनींनी त्यांना लंडनजवळील फुलम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले घर दाखविले. अशा स्त्रियांस कोणी प्रेमाने वागवावे, ही गोष्ट रमाबाईंनी पूर्वी कोठे पाहिली नव्हती. असे का करिता, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर प्रभूस भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. स्त्रीला उचलून धरणारा असा तारणारा दुसरा नाही, हे रमाबाईंच्या मनाने त्याच वेळी घेतले. पूर्वी चित्पावन ब्राह्मण असलेले नेहेम्या गोरे ह्यांच्या पत्रांनीही त्यांच्या पुष्कळ शंका दूर केल्या होत्या. इ. स. १८८३ च्या सप्टेंबरच्या २९ तारखेस रमाबाई व चिमुकली मनोरमा ह्या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, आपल्या साक्षी बहुधा येथे संपतात. रमाबाईंची साक्ष येथे संपली नाही. त्यांनी चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन केले; त्रैक्य, मंडळीचा अधिकार इत्यादि विषयांवर आपल्या गुरुभगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार करून वाद केला; इ. स. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस जाऊन तेथे व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहून जगाचे लक्ष वेधिले. आणि मायदेशी परत येऊन इ. स. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडिले. पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी झालेल्या गोदूबाई ह्या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की, ह्या बाईंच्या ख्रिस्ती जीवनात उणे ते काय? परंतु एकान्तात त्यांना एक उणीव जाणवत होती. आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो अद्यापि मिळाला नाही, असे त्यांना स्वतःस दिसून आले. सिद्धान्त बुद्धीला पटले होते. पापाच्या क्षमेची शांति मात्र मनाला लाभली नव्हती.

अशा समयी, सन १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा पाळक पुष्कळ वर्षे उपदेश करीत होता, आणि एके दिवशी आपल्याच व्यासपीठावर उभा राहून उपदेश करीत असता त्याला स्वतःला तारणाचा अनुभव आला. जो दुसऱ्यांस वाट दाखवीत होता, त्याच्या पायांस ती वाट तेव्हा प्रथम लागली. ते पुस्तक वाचून रमाबाईंस आपली स्थिती ओळखू आली. त्यांनी तर्क बाजूस ठेविला व पवित्र शास्त्र पुनः लहान मुलासारखे वाचावयास आरंभिले. मी पापी आहे, माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही, माझी विद्या व माझे सत्कृत्य ही माझे तारण करू शकत नाहीत; ख्रिस्त मात्र मला जशी आहे तशी घेण्यास सिद्ध आहे, हे त्यांनी अंतःकरणाने धरिले आणि त्यांना शांति मिळाली. उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट आपणांस विशेष लागू आहे. दर आठवड्यास चार गावी बोलणाऱ्याला आपल्या बोलण्याने आपणच तारलो गेलो असे वाटू लागते. शब्द तोंडी बसले म्हणजे ते हृदयात बसलेच असे होत नाही.

मग त्यांच्या दिनक्रमात काय बदलले? मोठ्या सभा किंवा मोठी व्रते नव्हेत. त्या आपल्या खोलीत मुलीला जवळ घेऊन रोज शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करावयाची नाही, असा त्यांचा करार होता आणि तो त्यांनी पाळिला. परंतु स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांनी खोलीचे दार कधी लावून घेतले नाही. काही मुली दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. ह्यावरून शहरात गवगवा झाला. इ. स. १८९३ मध्ये न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर इत्यादि सल्लागारांनी सदनाशी संबंध सोडला आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. एक दार लोटून घेतले असते तर हे संकट टळले असते. परंतु आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना लपवून करावी, हे रमाबाईंस मान्य झाले नाही. त्यांनी कोणाला ओढून आत आणिले नाही आणि कोणाला पाहून दारही लाविले नाही.

आपल्या घरांत ह्याच्या उलट घडत नाही काय? शेजारी ओसरीवर आले की सायंप्रार्थना उद्यावर जाते. पाहुणे हिंदु असले तर जेवणापूर्वीचे उपकारस्मरण मनातल्या मनात उरकते. पुस्तक फळीवर राहते आणि त्यावर धूळ बसते. मोठ्या छळात टिकून राहिलेली कुटुंबे अशा लहान लहान संकोचांनी हळूहळू थंड पडतात.

लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचे अरण्यमेळे भरत, तेथे रमाबाई जात. एका मेळ्याच्या वेळी विश्वास धरिलेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. एका सकाळी त्या एकान्तात जाऊन प्रार्थना करीत असता, ह्या पंधरांची संख्या पंधरापट करावी, म्हणजे दोनशे पंचवीस मुली द्याव्या, असे त्यांनी देवाजवळ मागितले. हातात तेवढे द्रव्य नव्हते व जागाही नव्हती. थोड्याच काळाने, इ. स. १८९६ व १८९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी आपण सोसलेली भूक रमाबाईंस आठवली आणि घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या व उपाशी, निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे नव्या मुली शहरात ठेवण्यास सरकारची मनाई झाली, म्हणून पुण्यापासून सुमारे चौतीस मैलांवर केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेले. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. इ. स. १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

दोन हजार जीवांचे घर म्हणजे काय, ह्याचा क्षणभर विचार करा. रोज धान्य निवडावयाचे, दळावयाचे, भाकरी भाजावयाच्या. पाणी काढावयाचे, आजाऱ्यांचे कपडे धुवावयाचे. शेत नांगरावयाचे, गुरे सांभाळावयाची. विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तिमी सदन आणि पतित स्त्रियांसाठी कृपा सदन होते. ही कामे त्या मुलींनीच शिकून केली. रमाबाईंनी काम एकीकडे व भक्ति दुसरीकडे असा भेद राहू दिला नाही. जिच्या हातात जाते आहे तिलाही देवाची संगति मिळू शकते, हे त्यांनी शिकविले. आणि प्रार्थनेचे नाव सांगून कोणी काम टाळावे, हेही त्यांना खपत नसे. कालवड विकत घेणे असो की विहीर खणणे असो, प्रत्येक गरज त्या आधी देवापुढे मांडीत.

इ. स. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींपुढे पवित्र आत्म्याच्या संजीवनाची गरज मांडिली आणि रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यास कोण तयार आहे, असे विचारिले. सुमारे सत्तरजणी पुढे आल्या. महिने गेले, काही विशेष घडले नाही. तरी त्या रोज जमत राहिल्या व संख्या वाढत साडेपाचशेवर गेली. जून महिन्याच्या अखेरीस ते संजीवन आले आणि त्याची वार्ता देशोदेशी पोहोचली. लोक त्या जून महिन्याविषयी बोलतात. मला मात्र त्यापूर्वीचे पाच महिने अधिक शिकवितात. त्या काळात ह्या मुली रोजचे काम करून, थकलेल्या अंगाने, काही न दिसता, गुडघ्यांवर येत होत्या. पेरणी करून पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच वर्षांत रमाबाईंनी आपले अखेरचे मोठे काम हाती घेतले. त्या काळचे मराठी शास्त्र संस्कृतप्रचुर शब्दांमुळे खेड्यातील स्त्रियांस नीट उमगत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. आपण पंडिता, आपणांस ते समजते, पण दळण दळणाऱ्या बाईला समजत नसेल, तर देवाचे वचन तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही, असे त्यांना वाटले. म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि मूळ भाषांवरून सगळ्या शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. खिळे जुळविणे, छापणे, पुस्तके बांधणे ही कामे मुक्तीच्याच स्त्रियांनी केली. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. जिच्या मुखी लहानपणी हजारो संस्कृत श्लोक होते, तिने म्हातारपणी आपली सर्व विद्या अक्षरओळख शिकणाऱ्या बाईच्या सेवेस लाविली. हे भाषांतर सर्व मंडळ्यांत रूढ झाले नाही. पण ते ज्या प्रेमाने झाले ते वाया गेले, असे कोण म्हणेल?

ह्या कामातच त्यांच्यावर शेवटचा घाव पडला. आईच्या मागे सर्व भार वाहील अशी जिच्याविषयी आशा होती ती मनोरमा, चाळीस वर्षांची असता, इ. स. १९२१ च्या जुलै महिन्यात वारली. आईबाप, भाऊबहीण, पती आणि आता एकुलती एक कन्या. ह्या बाईंच्या जवळचे कोणी राहिले नाही. त्यांनी पुनः लेखणी उचलिली व उरलेले काम पुढे चालविले. इ. स. १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेविला. त्यांचे संपूर्ण शास्त्र इ. स. १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. मुक्तीचे कार्य आजही केडगावास चालू आहे.

बंधुभगिनींनो, आपल्याजवळ रमाबाईंची विद्या नाही, आणि देव ती आपल्यापाशी मागतही नाही. परंतु ज्या गोष्टींनी त्या देवाच्या जवळ गेल्या, त्या प्रत्येक झोपडीत होण्याजोग्या आहेत. बाप्तिस्म्याला कितीही वर्षे झाली असली, तरी आपणांस धर्मच मिळाला आहे की ख्रिस्तही मिळाला आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. रोज दिवा लावल्यावर घरच्यांस जवळ घेऊन शास्त्रातील थोडा भाग वाचावा. वाचता येत नसेल त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावा. त्या वेळी दार उघडे असू द्यावे. नांगराच्या मागे चालताना, पाणी शेंदताना, भाकरी थापताना प्रभूशी बोलावे. आणि पुष्कळ दिवस काही घडले नाही असे वाटले, तरी उद्या संध्याकाळी पुनः त्याच जागी गुडघे टेकावे.

ज्या प्रभूने पायी हिंदुस्थान फिरलेल्या एका उपाशी मुलीला शोधून काढिले, त्यानेच आम्हांलाही बोलाविले आहे. आमचा बाप्तिस्मा ही त्याच्या संगतीची सुरवात ठरो, आणि आमच्या घरांतील प्रत्येक दिवस आम्हांस त्याच्या अधिक जवळ नेवो, अशी त्याच्या चरणी प्रार्थना आहे. आमेन.